बर्वेबाई आणि ‘विस्थापित करा’

आमच्या कार्यालयात मराठीचं काम चालायचं आणि तिथे मराठी फक्त बर्वेबाईंना येत होती. ही त्यांची अडचण होती, आणि आमची त्याहून मोठी. नारायण पेठेत झेरॉक्सच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही सहा जण फोनमधली इंग्रजी वाक्यं मराठीत करायचो. ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘आपली खात्री आहे का’ असं जे फोन दिवसभर आपल्याला सुनावत असतो, ते कुणीतरी लिहिलेलं असतं. ते आम्ही. लोकांनी आमचा पत्ता शोधून काढला नाही, हे आमचं नशीब.

मालक अमेय. वय बत्तीस, स्वतःला फाउंडर म्हणायचा आणि आम्हाला गाईज. परदेशातली एक फोन कंपनी हा आमचा एकुलता एक क्लायंट. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण ‘गाईज, क्लायंटला आवडणार नाही’ असं अमेयनं म्हटलं की चर्चा संपायची. ती पुन्हा सुरू करणारं माणूस एकच, बर्वेबाई.

बाई आमच्या तपासनीस. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट, पदर पिन लावून पक्का केलेला. येताना पाण्याचं स्टीलचं भांडं घरून आणायच्या, कारण कार्यालयातल्या कपांवर ‘यू कॅन डू इट’ असं छापलेलं होतं. “मला पाणी प्यायचंय,” त्या म्हणायच्या, “त्यात उत्तेजन नको.” संगणकावर वाचायला त्यांचा नकार होता. प्रत्येक यादी पाठकोऱ्या कागदांवर छापून त्यांच्यापुढे ठेवावी लागायची. मग त्या पेन्सिलीला टोक काढायच्या, वाक्य मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, “असं कोण म्हणतं?”

हा प्रश्न नसून निकाल असायचा. “बाई, हल्ली असं चालतं,” म्हणून पाहिलं तर “चालत नाहीये, लंगडतंय.” शब्दकोशात आहे म्हणावं तर “शब्दकोशात कोण राहतं?” मी नवा असताना ‘आपल्या उपकरणाची बॅटरी मृत झाली आहे’ असं एक वाक्य केलं होतं. बाईंनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अतिशय मृदू आवाजात विचारलं, “केव्हा गेली?” मला काही कळेना. “नाही, दहावा कधी येतो ते बघायला हवं. त्या दिवशी दुसरं काम घ्यायला नको.” मग माझं वाक्य खोडून त्यांनी लिहिलं, ‘बॅटरी संपली’. मी सहा शब्द वापरले होते आणि माझं एम.ए. मराठीत झालेलं होतं.

मी हडपसरच्या पुढच्या मांजरीहून येतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं होतं, “रोज येता? मग राहता केव्हा?” त्या स्वतः सदाशिव पेठेत राहायच्या आणि कॅम्पात जाऊन आल्या तरी बाहेरगावी गेले होते म्हणायच्या. पण त्या दिवसापासून साडेपाच वाजले की माझ्या टेबलाशी येऊन “शेडगे, बस,” एवढं म्हणायच्या आणि मला घालवायच्या. अमेय सात वाजेपर्यंत आम्हाला फॅमिली म्हणायचा. घरी मात्र बाईच पाठवायच्या.

एकदा ‘अरेरे, काहीतरी चुकलं’ या वाक्यावरून अख्खी सकाळ गेली. बाई म्हणाल्या, “काहीतरी म्हणजे काय? आमच्या शाळेत काच फुटली की आधी नाव विचारायचे. काचेचं नंतर.”

“मॅम, क्लायंटला कुणाला ब्लेम नाही करायचंय.”

“मग अरेरे कशाला?”

अमेयकडे याला उत्तर नव्हतं. ते वाक्य फोनमध्ये तसंच गेलं आणि आजही आहे, कारण उत्तर नसणं ही आमच्याकडे अडचण समजली जात नसे.

स्वतः बाई मात्र कधी चुकल्या नाहीत. म्हणजे तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही. एका ऱ्हस्व-दीर्घावरून मी शुद्धलेखनाचं पुस्तकच त्यांच्यापुढे उघडून धरलं. त्यात मी बरोबर होतो. बाईंनी पान नीट वाचलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘पुढील आवृत्तीत सुधारावे’. पुस्तक वाचनालयाचं होतं.

तर अशा बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेल्या, आणि नेमकी तेव्हाच नव्या शब्दांची मोठी यादी आली. अमेयला तर आनंदच झाला. “मॅम यायच्या आत पटकन उरकू,” म्हणाला. यादी माझ्याकडे आली. त्यात इन्स्टॉल होतं आणि त्याच्या खालच्या ओळीत अनइन्स्टॉल.

हा शब्द वाटतो तेवढा सरळ नाही. फोनमधलं एखादं ॲप नुसतं पुसायचं नसतं. ते आत बसलेलं असतं, त्यानं चार ठिकाणी आपलं सामान ठेवलेलं असतं, ते सगळं गोळा करून त्याला रीतसर बाहेर काढायचं असतं. मी पुष्कळ विचार केला, म्हणजे चहा संपेपर्यंत. इन्स्टॉल म्हणजे ‘स्थापित करा’. मग अनइन्स्टॉल म्हणजे ‘विस्थापित करा’. पुन्हा इन्स्टॉल करायचं तर ‘पुनर्स्थापित करा’. तिन्ही शब्द एका माळेत बसले आणि मी स्वतःवर खूश झालो. अमेय म्हणाला, “सुपर.” यादी गेली, क्लायंटनं मंजूर केली, आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्या शब्दांना कुलूप लागलं. आता ते फोनोफोनी तसेच जाणार होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. आमचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. आजोबांना लोणी काळभोरच्या बाजूला जमीन मिळाली, वडील पुढे मांजरीत आले. घरच्या ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर एक दाखला आहे आणि त्यावर आजोबांच्या नावापुढे हाच शब्द आहे, विस्थापित. कॉलेजच्या अर्जात मी तो स्वतःच्या हातानं लिहिलेला आहे. आणि तरीही नारायण पेठेत बसून तो टाइप करताना मला काहीएक आठवलं नाही. घरची मराठी मी मांजरी फाट्यावर ठेवून बसमध्ये चढायचो, आणि मला वाटायचं की यालाच प्रगती म्हणतात.

बाई काळा चष्मा लावून परत आल्या आणि यादी मागवून घेतली. ‘स्थापित करा’पाशी थांबल्या. “चौरंग मांडलाय का? सुपारी? नाही, स्थापना आहे म्हणून विचारलं. मग काढतानासुद्धा ‘विसर्जित करा’ असंच लिहा. निदान मिरवणूक तरी निघेल.” आम्ही हसलो. मग त्यांनी खालची ओळ वाचली आणि त्या हसल्या नाहीत. ती त्यांनी पुन्हा वाचली, मनात.

“ही यादी कुणी केली?”

“टीमने,” अमेय म्हणाला.

“टीमला आईवडील असतात का?”

माझ्या कीबोर्डवर त्या दिवशी बरीच धूळ होती, मी ती पाहत बसलो. बाई म्हणाल्या, “हट म्हटलं की कुत्रं दोन पावलं मागे जातं आणि परत येतं. ते हटवणं. बंद करणं म्हणजे आहे तिथेच गप्प बसवणं. आणि बसवलेली वस्तू सगळ्या सामानासकट बाहेर काढायची, तिला मराठीत ‘काढून टाका’ म्हणतात. अडाण्यालासुद्धा कळतं. विस्थापित वस्तू होत नाहीत. माणसं होतात. बटणावर लिहायचा शब्द आहे का हा?”

“मॅम, लॉक झालाय तो. जस्ट एक वर्ड आहे.”

“मग जस्ट एक वर्ड बदला, अमेयराव.”

अमेयनं बदलला नाही. बाईंनी मात्र सोडलं नाही. प्रत्येक सोमवारी त्या त्याच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवायच्या, ‘विस्थापितचे काय झाले?’ अमेय ती चिठ्ठी ‘यू कॅन डू इट’च्या खाली सरकवायचा. असे सहा-सात महिने गेले.

मग मी एका दुपारी चहाच्या वेळी गंमत म्हणून आमच्या आत्याचा किस्सा सांगितला. गंमत कसली, स्वतःच्या पायावर धोंडा. चंद्राआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण, राहायला लोणी काळभोरलाच. नातवानं तिला नवा फोन दिला होता आणि त्यात कसलंसं फळं फोडायचं ॲप घुसलं होतं, ते दर अर्ध्या तासानं ओरडायचं, ‘अभिनंदन’. ते काढायचं बटण तिला दाखवलं तरी ती दाबायची नाही. शेवटी फोन फडक्यात गुंडाळून तिनं ज्वारीच्या कणगीत ठेवला, आणि आता कणगी अभिनंदन करते. सगळे हसले. बाईंनी विचारलं, “बटण का दाबत नाहीत?”

“माहीत नाही.”

“मग विचारा. नको, तुम्ही विचारणार नाही. मीच येते.”

रविवारी सकाळी त्या खरंच आल्या. हडपसरच्या पुढे आयुष्यात न गेलेल्या बाईंनी बरोबर पाण्याची बाटली, औषधं, बिस्किटं आणि टॉर्च घेतली होती. आत्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या, एक जुडी आपल्यापुढे ओढली आणि निवडता निवडता विचारलं, “आत्याबाई, ते बटण का दाबत नाही तुम्ही?”

“त्यावर काय लिवलंय ते सांगा की.”

“विस्थापित करा.”

“मग? इस्थापित करा म्हनतंय. कुनाला, ते कुटं सांगतंय?” आत्यानं देठ खुडला. “आमच्या दाखल्यावर ह्योच शब्द हाय, बाई. मी आकरा वर्साची व्हते. आमास्नी बी कुनी इचारलं नव्हतं. कागुद आला, गाव गेलं. आता मी बोट ठिवायचं आन् आजून कुनाला घालवायचं? बोंबलतोय फोन तर बोंबलू दे.”

बाईंचा हात मेथीवर थांबला होता.

“फोनात ह्यो शब्द घातला कुनी म्हनायचं?” आत्या म्हणाली. “ज्याचं गाव बुडालं न्हाय, त्योच घालनार. त्याला काय म्हाईत.”

मी उठून पाण्याचा तांब्या भरून आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा तेच बोलणं चाललं होतं, म्हणून पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा ओट्यावर तीन भरलेले तांबे होते, आणि बाई त्या तांब्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी गप्प बसलो. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, “दाखल्यावरचं आडनाव शेडगेच ना?” मी हो म्हणालो. मांजरी फाट्यावर मी उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

सोमवारी त्यांनी चिठ्ठी ठेवली नाही, खुर्ची ओढून अमेयसमोर बसल्या. शब्द बदलल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. अमेयनं शेवटी खरं काय ते सांगितलं. कुलूप उघडायचं तर एक फॉर्म भरून, सही करून, त्याचा फोटो पाठवावा लागतो. त्यात चूक का झाली ते कारण लिहायचं आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. टीम चालत नाही, एकच नाव लागतं. ते नाव क्लायंट आपल्या कामावरून काढून टाकतो. आणि क्लायंट एकच असल्यामुळे ती व्यक्ती घरी. “म्हणून मी म्हणत होतो मॅम, सोडून द्या. कुणाचं नाव टाकू मी?”

खोलीत सगळ्यांना एकदमच खूप काम आलं. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि मुलीकडच्यांना मी सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगितलेलं होतं. हे कारण मी इथे देतोय, पण ते कारण नाही. मी घाबरलो होतो, इतकंच.

“द्या तो कागद,” बाई म्हणाल्या. अमेयनं दिला. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली, तशीच परत ठेवली आणि माझ्या टेबलाशी आल्या. “शेडगे, पेन आहे?”

मी पेन दिलं. टोपण काढून दिलं.

त्यांनी माझ्याच टेबलावर कागद ठेवून सावकाश लिहिलं. जबाबदार व्यक्ती, बर्वे. कारण, ‘शब्दाचा अर्थ माहीत असूनही लक्षात घेतला नाही.’ खाली सही. अमेय म्हणाला, “पण मॅम, तेव्हा तर तुमचं डोळ्याचं ऑपरेशन...”

“एकाच डोळ्याचं होतं. दुसरा उघडा होता.”

ज्यांनी छापील पुस्तकाला चूक ठरवलं, त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि तीही दुसऱ्याची. पेन माझ्यासमोर ठेवलं, स्टीलचं भांडं पिशवीत टाकलं आणि जिना उतरून गेल्या. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. अमेयनं ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याला पाच अंगठे आले. त्यातला एक माझा.

क्लायंटनं शब्द बदलला. ‘काढून टाका’ केलं नाही. त्यांनी थेट ‘अनइंस्टॉल करा’ असं देवनागरीत लिहून टाकलं. एवढ्या लढाईचं फळ म्हणजे इंग्रजी शब्दावर एक अनुस्वार.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी लग्नाची पत्रिका द्यायला लोणीला गेलो. आत्याच्या ओट्यावर बर्वेबाई बसल्या होत्या. मांडीवर पाठकोरे कागद, हातात पेन्सिल. आत्या बुडालेल्या गावातले शब्द सांगत होती, शेतांची नावं, पाणवठ्यांची नावं, आणि बाई ते लिहून घेत होत्या. दर पंधरा दिवसांनी येतात, असं आत्याकडून कळलं. एकदाही त्यांनी “असं कोण म्हणतं” असं विचारलं नाही.

“बटन बदललं बरं का,” आत्या मला म्हणाली. “आता अनिष्टाळ करा म्हनतंय. म्हनलं, अनिष्ट टळत आसंल तर टळू दे. दाबलं. झाला की बंद.”

“शंभर कोशकार बसवले असते तरी सुचलं नसतं,” बाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुला ठावं हाय का रं? त्यो आदीचा शब्द ह्या बाईंनीच घातला व्हता. पयल्यांदा आल्या तवा बोलल्या न्हाईत. मागनं यकल्या आल्या आन् सांगितलं, माझी चूक हाय म्हनल्या. मी म्हनलं जाऊ द्या, तुमचं काय बुडालं न्हाय, तुमास्नी कसं कळावं? पर सांगायला आल्या, ह्ये लई झालं. कोन सांगतंय?”

बाईंची पेन्सिल चालूच होती. मी पत्रिका आत्याच्या हातात दिली, चहा प्यालो आणि बाईंना स्टॉपपर्यंत सोडायला निघालो. रस्त्याकडेला उभं राहिल्यावर मला राहवेना.

“बाई, तो शब्द मी...”

“माहीत आहे.”

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मला कशाला? माझं कुठे काय बुडालंय?”

बस आली. मांजरी फाटा त्याच रस्त्यावर, म्हणून बाईंच्या मागोमाग मीही पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं विचारलं, “दोन का?”

“एक,” बाई म्हणाल्या. “ते येत नाहीयेत. त्यांचं घरी काम राहिलंय.”

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पाय खाली घेतला. दार लागलं. बाई खिडकीशी बसल्या, कागद मांडीवर घेतले आणि पेन्सिलीला टोक काढू लागल्या. मी उतरलो की नाही, हे त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. बस गेली आणि मी आत्याच्या घराकडे चालू लागलो.